रिकामा बूट काढायचा असेल तर

इंदूरच्या छावणी भागातल्या एका पोराने हाताने शिवलेल्या चामडी बुटांचं दुकान काढलं. उद्घाटनाला दहा दिवस असताना तो माझ्या दारात उभा. "मावशी, जुन्या बाटाच्या पोस्टरसारखं काहीतरी करून द्या ना. कॉम्प्युटरवाल्याकडून करवलं होतं, पण मजा नाही आली." मोबाइलवर दाखवलं. बूट होता, बुटाला चकाकी होती, मागे पिवळे किरण होते, कागदाच्या कडा जळाल्यासारख्या केल्या होत्या. सगळं होतं, फक्त त्या बुटात कोणाचा पाय जाईल असं वाटत नव्हतं.

त्याला जे पोस्टर करून दिलं त्याची कृती लिहिते आहे. मी काही मोठी चित्रकार नाही. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि त्याच्या आधी परकरात असल्यापासून नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, हाताखाली रंग कालवले. रामबागेतल्या भाड्याच्या घराची ओसरी हाच नानांचा स्टुडिओ. रीगल, मधुमिलन अशा टॉकिजांत इंटरव्हलला पडद्यावर ज्या जाहिराती यायच्या, त्या सव्वातीन इंची चौकोनी काचांवर नाना रंगवत. पण घर चाललं ते बुटांवर. शाळा उघडायच्या आधी, दिवाळीआधी आणि ईदेआधी बुटांचे दुकानदार पोस्टरं बदलायचे आणि आमच्याकडे गूळ-तूप यायचं.

देवळालीकर सरांनी १९२७ साली इंदुरात चित्रशाळा सुरू केली. बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर हे चित्रकार तिथलेच. पुढे नानाही दोन वर्षं तिथे शिकले. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत रंगवत जगभर गेले, बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याच्या नव्या कलाशाखेत शिकवायला गेले. "आणि मी चपलेत अडकलो," असं नाना सांगायचे. सांगताना त्यांना अजिबात वाईट वाटत नसे.

आधी बूट मिळवा

फोटोवरून काढू नका. मोबाइलचं भिंग जवळ नेलं की बुटाचं नाक फुगवतं आणि टाच खाऊन टाकतं. खरा बूट समोर हवा, आणि तोही अगदी कोरा नको. दोन-तीन महिने कोणाच्या तरी पायात बसलेला हवा. मी भाच्याचा काळा डर्बी घेतला.

डर्बी म्हणजे काय ते आधी नीट बघून घ्या, कारण पोस्टर बघणारा पहिला माणूस बूट विकणारा असतो आणि त्याला हे चुकलेलं एका नजरेत कळतं. डर्बीत नाडीच्या भोकांच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्यावर वरून शिवलेल्या असतात, म्हणून त्या दाराच्या फळ्यांसारख्या मोकळ्या उघडतात. ऑक्सफर्डमध्ये त्याच पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या, नाडी आवळली की मध्ये फट उरत नाही. भोकंही मोजा. भाच्याच्या बुटाला चार जोड्या होत्या, मी सवयीने पाच काढल्या आणि ट्रेसिंग पुन्हा करावं लागलं.

मग बूट पॉलिश करा. हे मी गमतीने सांगत नाही. कापड घासताना जिथे बोटाला उंचवटा लागतो, तिथेच चित्रात उजेड येणार असतो. नानांच्या भाषेत, आधी बोटाने काढायचं, मग पेन्सिलीने. पॉलिश झालं की वर्तमानपत्राचा बोळा करून बुटाच्या फक्त पुढच्या भागात कोंबा. घोट्याकडचा भाग रिकामाच ठेवा, तोंड उघडं राहू द्या. सगळं पोस्टर त्या तोंडावर उभं राहणार आहे.

तोंड

सोळाव्या वर्षी मी पहिलं पोस्टर एकटीने केलं, शाळेच्या बुटांचं. दोन दिवस खपले. नाडीचा पीळन् पीळ काढला होता. नानांनी बघितलं आणि म्हणाले, "कोपऱ्यावरच्या काकांना दाखवून ये." कोपऱ्यावर एक मोची काका बसायचे. त्यांनी पोस्टर लांब धरलं, जवळ आणलं, आणि म्हणाले, "बेटी, जूता तो बढ़िया है. पर पाँव किधर से जाएगा?"

मी तोंडाच्या जागी एक काळा ठिपका मारून मोकळी झाले होते. काकांनी दुरुस्तीला आलेला एक बूट उचलला, पेटीतून कलबूत, म्हणजे बूट ज्यावर चढवतात तो लाकडी पाय, काढून आत घातलं, बाहेर ओढलं, पुन्हा घातलं. मग बुटाचा काठ बोटाने दाखवला. आतल्या बाजूला काठ उंच, बाहेरच्या बाजूला खाली. का, तर बाहेरचा घोटा आतल्या घोट्यापेक्षा खाली असतो. काठ तिथे उंच ठेवला तर हाडाला घासेल. आत्ता हे वाचताना स्वतःचे दोन्ही घोटे चाचपून बघा. मी सोळा वर्षं ते घोटे घेऊन फिरत होते आणि मला माहीत नव्हतं.

म्हणून बुटाचं तोंड म्हणजे सरळ लंबगोल नाही. तो बाहेरच्या बाजूला कललेला, मागे टाचेपाशी थोडा उचललेला, पुढे जिभेपाशी तुटलेला लंबगोल आहे. हा कल आला की बघणाऱ्याला न सांगता कळतं की इथे घोटा होता.

आपल्या लोकांना हे खरं तर शिकवायला नको. भरताने सिंहासनावर काय ठेवलं? आषाढीला पालखीत काय बसतं? ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकाच ना. पाय नसताना पाय दाखवायचा तर पायातलं ठेवायचं, हे आपण लहानपणापासून बघत आलो. चपलेच्या चांगल्या पोस्टरमध्ये तीच गोष्ट असते. माणूस काढायचा नाही, पण तो आत्ताच बूट काढून आत गेला आहे किंवा आत्ता येऊन घालणार आहे असं वाटलं पाहिजे.

बर्लिनच्या लुसियान बर्नहार्ट या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्टिलर नावाच्या बुटाच्या दुकानासाठी पोस्टरं केली. त्यातलं एक कुठे बघायला मिळालं तर नीट बघा. एक काळा बूट, एक नाव, मागे सपाट तपकिरी रंग. ना बाई, ना बाबा, ना किरण. आणि बुटाच्या आतला भाग लालभडक. सगळ्या पोस्टरवर तेवढीच आग. नजर तिथे जाते आणि पाय घालायची इच्छा होते. नानांनी ते पोस्टर कधी बघितलं होतं की नाही कोण जाणे, पण आमच्या घरच्या पोस्टरांतल्या बुटांची तोंडंही आतून कायम तांबडी किंवा भगवी असायची. खऱ्या बुटाचं अस्तर बहुधा मळक्या पिवळ्या रंगाचं असतं. ती लबाडी चालते.

बसायचं कुठे, काढायचं कसं

बूट स्टुलावर ठेवा आणि तुम्ही अशा उंचीवर बसा की डोळा बुटाच्या काठाहून वीतभर वर येईल. याहून वर गेलात तर देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपला दिसतात. खाली गेलात तर बूट डोंगराएवढा भव्य दिसतो, पण तोंड नाहीसं होतं. डाव्या पायाचा बूट तिरका ठेवा, नाक तुमच्या डावीकडे आणि किंचित तुमच्या दिशेला, म्हणजे बाहेरची बाजू पूर्ण दिसेल आणि नाकाची थोडी गोलाईही मिळेल. उजव्या पायाचा बूट घेतलात तर नाक उजवीकडे करा. उजेड एकाच खिडकीचा. ट्यूबलाइट बंद.

आता हलक्या हाताने खोका काढा. तीन चौकोनी ठोकळे एकापुढे एक ठेवल्यावर जो लांबट खोका होतो, साधारण तेवढा पुरुषाचा बूट. मागच्या ठोकळ्यात टाच आणि तोंड, मधल्यात नाडी, पुढच्यात नाक. आधी खोका तिरका बसवा, मग त्यात बूट. थेट बूट काढायला गेलात तर पुढचा अर्धा भाग एका दिशेला आणि मागचा दुसऱ्या दिशेला जातो, माझे शाळेतले सगळे विद्यार्थी हेच करत.

तळाची रेघ सरळ काढू नका. बूट टेबलावर ठेवून बाजूने बघा. नाकाखाली पेन्सिल सरकेल एवढी फट असते, मग पंजाच्या उंचवट्याला तळ टेकतो, मग पुन्हा उचलतो, आणि टाचेला टेकतो. दोनच जागी जमीन. ही फट विसरलात की बुटाची इस्त्री होते. नानांचा शब्द आहे हा. माझ्या वहीवर त्यांनी कितीतरी वेळा नुसतं "इस्त्री" लिहून ठेवलं आहे.

सावलीही तशीच. टाचेखाली आणि पंजाखाली बारीक, गडद, काठाला चिकटलेली. मधल्या कमानीखाली फिकी. सगळीकडे सारखी सावली दिली तर बूट चिखलात रुतल्यासारखा दिसतो, आणि नाही दिली तर उडतो.

मनासारखं झालं की ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि मोठं करा. मी अजून चौकटी आखून मोठं करते. प्रोजेक्टरने लवकर होतं, पण चौकटीत प्रत्येक घराशी एकदा गाठ पडते आणि चूक सापडते. कागद वीस बाय तीस इंच. जुनी पोस्टरं बरीचशी याच मापाची असायची, इंग्रज त्याला डबल क्राउन म्हणत. जाड कार्ट्रिज कागद इथल्या खजुरी बाजारात मिळतो. पांढराशुभ्र घेऊ नका, सायीच्या रंगाचा घ्या. का ते पुढे येईल.

चारच रंग

जुन्या पोस्टरांची जी "ऐट" आपल्याला आवडते, ती अर्धी गरिबीतून आलेली आहे.

ती पोस्टरं लिथोग्राफीने, म्हणजे दगडावरून, छापली जायची. तिचा शोध जर्मनीतल्या बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डरने १७९६च्या सुमारास लावला. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर तेलकट शाई फिरवायची. पाणी शाईला हटवतं, खडूची जागा शाई धरते. पण एका दगडावरून एकच रंग. लाल हवा तर दुसरा दगड, निळा हवा तर तिसरा, आणि प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसला पाहिजे. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी चित्रं काढणाऱ्या राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना घातला तो याच तंत्राचा. पुढे त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या. पण लक्ष्मीला जितके दगड परवडतात तितके चपलेला कुठून परवडणार? म्हणून जाहिरातवाल्यांनी तीन-चार रंगांत भागवायला शिकून घेतलं, आणि भागवता भागवता त्यातून एक शिस्त आली.

आपल्याकडे दगड नाहीत, पण शिस्त घ्या. चार वाट्या मांडा, पाचवी मांडूच नका.

पहिल्या वाटीत मागचा रंग. मी गेरूत थोडा नारिंगी आणि चिमूटभर पांढरा घातला, म्हणजे मंगलोरी कौलाचा रंग आला. दुसऱ्यात गडद. इथे ट्यूबमधला काळा वापरायचा नाही. प्रशियन ब्लू आणि बर्न्ट अंबर कालवा, अंबर जरा जास्त. जो काळा येतो तो चामड्याचा असतो. ट्यूबमधला काळा डांबराचा वाटतो. तिसऱ्यात मधला रंग, म्हणजे तोच गडद घेऊन त्यात पांढरा आणि थोडा पिवळा गेरू. चौथ्यात लाल, फक्त तोंडाच्या आतल्या भागासाठी आणि एखाद्या अक्षरासाठी. आणि उजेड? उजेड म्हणजे कागद. म्हणून कागद सायीचा हवा होता. चकाकीच्या जागा रंगवायच्या नाहीत, सोडायच्या. पांढरा रंग वरून थापून केलेली चकाकी चुना लावल्यासारखी दिसते.

मी आपल्या कॅमलच्या बाटल्याच वापरते. पोस्टर कलर सायीइतका घट्ट कालवा, दह्याइतका नाही. मागचा सपाट रंग आधी भरून घ्या, रुंद चपट्या ब्रशने, एकदा आडवा आणि वाळल्यावर एकदा उभा. पाऊस चालू असताना हे करू नका. आषाढात आमच्या ओसरीवर रंग दुपारपर्यंत ओला राहायचा आणि नाना चिडचिड करत चहा पीत बसायचे.

चकाकी किती द्यायची? तीन. नाकावर एक, मोठी, खिडकीच्या आकाराची पण गोलाईवर वाकलेली. तिची एक कड धारदार हवी आणि दुसरी विरत जाणारी. दुसरी टाचेच्या मागच्या भिंतीवर, उभी, बारीक. तिसरी तोंडाच्या काठावर केसाएवढी. चौथी दिलीत की बूट प्लास्टिकचा झाला. छावणीतल्या पोराने जे कॉम्प्युटरवरचं दाखवलं होतं त्यात मी अकरा मोजल्या.

विरत जाणारी कड हा सगळ्यांचा प्रश्न असतो. मोठे स्टुडिओ हवेने रंग फवारणारा एअरब्रश वापरत, आमच्याकडे टूथब्रश होता. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा घ्या, त्यात ब्लेडने बुटाच्या त्या भागाचा आकार कापा. फिल्म कागदावर ठेवून वर नाणी ठेवा म्हणजे हलणार नाही. टूथब्रश गडद रंगात बुडवा, झटकून घ्या, वीतभर अंतरावर धरा आणि केसांवरून पट्टी आपल्या अंगाकडे ओढा. शिंतोडे पुढे उडतात. उजेडाच्या जागेपासून लांब दाट, जवळ विरळ. आधी वर्तमानपत्रावर पाच-सहा वेळा करा. पहिला झटका नेहमी गोळा टाकतो, तो चुकूनही पोस्टरवर पडू देऊ नका. आमच्या घरात कोणाच्या छातीचा फोटो काढला की आजाऱ्याआधी नाना फिल्मची चौकशी करतात, असं आई म्हणायची.

शिलाई सगळीकडे काढायची नाही. तळ आणि चामडं जिथे जुळतं तिथल्या टाक्यांपैकी उजेडातले दहा-पंधरा नीट काढा, बाकीचे अंधारात विरून जाऊ द्या. डोळा उरलेले स्वतः मोजतो. नाडीचंही तेच, मात्र गाठ नीट हवी. आणि नाडी सैल ठेवा. घट्ट बांधलेल्या बुटात कोण पाय घालणार?

खालच्या कोपऱ्यात मी दुसऱ्या पायाचा बूट आडवा टाकणार होते, तळ दाखवत. जुन्या पोस्टरांत असतो तसा. काढून बघितला आणि पुसला. तो आला की लाल तोंडाकडे कोणी बघेना.

अक्षर

पोस्टरवर लिहायला माझ्या मनात होतं "जोडे". आमच्याकडे घरात जोडेच म्हणत, आणि शब्दाला वजन आहे. पण नानांची एक युक्ती वापरायची होती, ती म्हणजे बूट अक्षरांवर उभा करायचा. देवनागरीला शिरोरेषा आहे, म्हणजे आयती फळी! रोमन अक्षरांत ही सोय नाही. पण मग शब्द असा हवा की ज्याच्या डोक्यावर काही नाही. "जोडे"वर दोन मात्रा, त्या बुटाला खालून टोचणार. "चप्पल" चालतं, "जूता" चालतं, आणि "बूट" तर फारच उत्तम. ऊकार खाली लोंबतो आणि वर फळी स्वच्छ. शिवाय बूट मराठीतही बूट आणि हिंदीतही बूट. इंदुरात दुकान चालवायचं तर हे बघावंच लागतं. पुण्याची माझी वन्सं म्हणते की आमच्या मराठीला हिंदीचं ठिगळ आहे. असू दे, ठिगळ पक्कं बसलं आहे.

शिरोरेषा किती जाड? चित्रातल्या बुटाच्या तळाइतकी. आणि ब, टच्या उभ्या काठीची जाडी टाचेच्या उंचीएवढी. एवढं माप जुळलं की अक्षर आणि बूट एकाच कारखान्यातून आल्यासारखे दिसतात. आधी अक्षरं काढा, शिरोरेषा शेवटी एका दमात ओढा, आणि दोन्ही टोकांना ती अक्षरांच्या थोडी बाहेर जाऊ द्या. बूट वरून किंचित दिसतो आणि फळी मात्र समोरून सपाट, हे शास्त्राला धरून नाही. कोणाच्या लक्षात येत नाही.

मजकूर जितका कमी तितका बरा. बाटाने १९२२ साली चेकोस्लोव्हाकियात बुटांच्या किमती निम्म्यावर आणल्या, तेव्हाच्या पोस्टरवर बूटच नव्हता. होती फक्त एक मूठ, "महागाई" या अर्थाच्या शब्दावर आदळणारी. अशी हिंमत दर वेळी करता येत नाही, पण लक्षात ठेवावी. भारतात कंपनी १९३१ मध्ये आली. तिची १९३०च्या दशकातली एक जाहिरात सांगते की धनुर्वातापासून सांभाळा, लहानशी जखमही घातक ठरते, तेव्हा बूट घाला. तेव्हा अर्धा देश अनवाणी होता. कुठला बूट घ्यायचा हे सांगण्याआधी बूट घालायचाच का हे सांगावं लागत होतं. म्हणजे मजकूर लिहिताना समोरचा कुठे उभा आहे ते आधी बघायचं. छावणीतल्या पोराचं गिऱ्हाईक अनवाणी नाही, त्याच्याकडे ऑनलाइन मागवलेले चार जोड आहेत आणि चारही पायाला लागतात. म्हणून खाली एकच ओळ लिहिली: "पहनकर देखिए." त्या पोराला किंमतही टाकायची होती, नव्व्याण्णववाली. ती मी वेगळ्या पुठ्ठ्यावर लिहून दिली. किंमत बदलते, बूट तोच राहतो.

बायकांच्या सँडलसाठी

वरचं सगळं जाड चामड्याच्या बुटाला लागू. नाजूक पट्ट्यांच्या सँडलला हे रंगकाम जड होतं. तिथे अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराची रीत वापरून बघा. पुढे तो इतर गोष्टींसाठी गाजला, पण १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आय. मिलर या बुटांच्या दुकानाच्या वर्तमानपत्री जाहिराती काढून तो पोट भरत होता. रीत सोपी आहे. शाई न शोषणाऱ्या कागदावर, ट्रेसिंग पेपर चालेल, पेन्सिलीने चित्र काढा. त्याला शेजारी शोषणारा कागद टेपने बिजागरीसारखा जोडा. आता निबने दोन-तीन इंच रेघ शाईने काढा आणि ओली असतानाच दुसरा कागद त्यावर पालथा घालून दाबा. उघडा, पुढची दोन इंच. उमटलेली रेघ तुटक, ठिपकेदार, थरथरती येते. हाताने मुद्दाम तशी काढता येत नाही. चित्र उलटं उमटतं, तेव्हा डावा-उजवा पाय आधीच ठरवून घ्या. वॉरहॉलच्या चित्रांवरची अक्षरं कित्येकदा त्याची आई, ज्यूलिया, लिहून द्यायची. हे वाचलं तेव्हा मला आमची ओसरी आठवली. नानांच्या पोस्टरवरचे आकडे आई लिहायची, कारण नानांचा आठ चारसारखा दिसे.

जुनं दिसावं म्हणून

चहा शिंपडू नका. कडा जाळू नका. घड्या घालून उलगडू नका. नानांनी पोस्टर दिलं त्या दिवशी ते करकरीत नवं होतं, आणि जुन्या जाहिरातींची शान त्या नवेपणातच होती. पिवळेपणा त्यांना वर्षांनी दिला. तो उधार आणून लावला की नाटकातल्या मिशीसारखा दिसतो.

खरं जुनं पोस्टर रद्दीत सापडलं तर दहापट दाखवणारं भिंग घेऊन बघा. दगडावरून छापलेलं असेल तर ठिपके हाताने टाकलेले, वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ दिसतील. ओळीत बसलेले एकसारखे ठिपके, फुलासारख्या वर्तुळात, दिसले तर ते ऑफसेटवर छापलेलं आहे, मग चित्र कितीही जुनं का असेना. त्यावर ओलं फडकं मात्र फिरवू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि सपाट ठेवा.

तुमच्या नव्या पोस्टरला काच लावा, पण कागद काचेला टेकू देऊ नका. मध्ये माउंटची जाड चौकट हवी, नाहीतर पावसाळ्यात पोस्टर कलर ओल धरतो आणि काचेला चिकटतो. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. दुपारचं ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. चारांपैकी लाल सगळ्यात आधी उडेल, आणि तोच आपल्याला हवा आहे.

टांगायची उंची बुटाच्या दुकानात वेगळी असते. गिऱ्हाईक तिथे बसलेलं असतं, एक पाय मोज्यात, एक हवेत. तेव्हा स्टुलावर स्वतः बसा आणि चित्रातल्या बुटाचं तोंड आपल्या डोळ्याच्या वीतभर खाली येईल अशी खूण करा, म्हणजे काढताना तुम्ही जिथून बघितलं तिथूनच तो बघेल. छावणीतल्या पोराने खिळा आधीच सात फुटांवर ठोकून ठेवला होता. तो काढायला लावला. त्या भोकावर आता त्याने घड्याळ लावलं आहे.